वायरच्या वर्तणुकीचा दाखला

चहा घ्या आधी. आणि हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मधे मधे थांबायला नको. काय आहे, ही गोष्ट मी सांगितली नाही तर आमची सुनंदा सांगते, आणि ती सांगते तेव्हा मी पूर्ण बावळट ठरतो. मी स्वतः सांगितली की निदान चार आणे शहाणपण पदरात राहतं.

तर मला सांगा, तुमच्यापैकी कुणी वायरला चांगल्या चालीचा दाखला दिलाय? विजेची वायर हो! लाल, पिवळी, हिरवी. नाही ना दिलाय? मी दिलाय. सहीशिक्क्यासकट!

तुम्हाला माहीतच आहे, मी दिवेआगरच्या शाळेत तीस वर्षं काढली. शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक होतो. विषय विज्ञान. हे विज्ञानाचं लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल.

आता मुख्याध्यापक म्हणजे काय? दाखले देणारा माणूस! शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारखेचा दाखला, वर्तणुकीचा दाखला. पंचक्रोशीतली मुलं मुंबईला नोकरीला गेली ती माझी सही खिशात घालून. आणि वर्तणुकीच्या दाखल्यात मी सगळ्यांना एकच वाक्य लिहायचो: 'माझ्या माहितीप्रमाणे वर्तणूक चांगली आहे.' ज्याने माझ्या सायकलची हवा सोडली त्यालाही तेच, आणि ज्याने ती भरून दिली त्यालाही तेच. कुणाचं भलं होत असेल तर आपलं काय जातं?

निवृत्त झालो, पण हाताची सवय जाते का? माझ्या नावाचा रबरी शिक्का आणि जांभळं शाईपॅड मी घरी जपून ठेवलं होतं. खाली ठळक अक्षरात 'मुख्याध्यापक', आणि पुढे मी स्वतः कंसात 'निवृत्त' असं बनवून घेतलं होतं. सुनंदा म्हणायची, "अहो, आता कुणाला मारणार आहात तो शिक्का?" मी म्हणायचो, "वेळ सांगून येत नाही."

वेळ आली. आणि मीच तिला बोलावून आणलं.

झालं असं की चक्रीवादळात आमची वाडी अख्खी आडवी झाली. सुपारी गेली, नारळ गेले, फणस मुळासकट उपटून विहिरीत पडला. नवी रोपं लावली, पण सुपारी फळायला वर्षं लागतात. तोवर करायचं काय? मी दोन महिने ओटीवर बसून सुस्कारे टाकले. सुनंदाने मात्र मागच्या पडवीच्या जागी चार खोल्या उभ्या केल्या, पाहुण्यांना द्यायला. एकेक खोली एकेका वर्षात. स्वतः उभं राहून तिने गवंड्याकडून भिंती ओळंब्यात करून घेतल्या. पडदे शिवले. आणि यंदा दिवाळीला पहिल्यांदाच चारही खोल्या भरणार होत्या. पुण्याची तीन कुटुंबं, लहानमोठी मिळून चौदा माणसं! सुनंदाने कॅलेंडरवर त्या पाच दिवसांभोवती लाल रेघ ओढली होती आणि येताजाता ती त्या रेघेकडे बघायची.

अडचण एकच. वायरिंग! वादळानंतर वीज आली तेव्हा जी वायर हाताला लागली ती काळ्या पट्टीने जोडून आम्ही दिवे लावले होते, आणि तीच पुढे खोल्यांतही ओढली होती. त्यात आमची खारी हवा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात सुनंदाने न्हाणीघरात नळाला हात लावला आणि "आई गं!" करून मागे भिंतीवर आपटली. मी धावत गेलो तर तिचा हात कोपरापर्यंत थरथरत होता. खरं सांगतो, मी इतका घाबरलो की मेन स्विच कुठे आहे तेच मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी नझीर आला. नझीर म्हसळ्याचा वायरमन. मामाकडे बोर्लीला राहून आमच्याच शाळेत शिकला, म्हणजे माझाच विद्यार्थी. त्याने एक बोर्ड उघडला, आतली वायर बोटात धरली, आणि तिच्यावरचं प्लास्टिक रांगोळीसारखं खाली भुरभुरलं.

"सर," तो म्हणाला, "हे घर विजेवर नाय चाललं, नशिबावर चाललंय. सगळी वायर काढायला लागेल."

"सगळी?"

"सगळी. चौदा माणसांची जिम्मेदारी हाय. आणि शिक्क्याची वायर घालायची, आयएसआयची. मी म्हसळ्यातून आणतो."

इथे मी गप्प बसलो असतो तर तुम्हाला आज नुसता चहाच मिळाला असता, किस्सा मिळाला नसता.

पण माझा मावसभाऊ वसंता आखातात असतो. त्याला फोनवर सहज सांगितलं तर म्हणाला, "दादा, म्हसळ्याची कसली वायर घालतोस? इथली बघ! अशी मऊ, अशी चकाकती! पाठवतो मी दहा बंडलं, बोटीने." आणि गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती त्याने हातभर तुकडा नमुना म्हणून पाठवलासुद्धा. लालचुटुक! मी तो तुकडा तीन दिवस खिशात घालून गावभर दाखवत हिंडलो. फॉरेनची वायर! आपल्याकडे परदेशातून आलेली वस्तू म्हटली की तिची परीक्षा घ्यायची नसते, नुसतं कौतुक करायचं असतं.

नझीरने तो तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"सर, यावर शिक्का कुठाय?"

"अरे, फॉरेनची आहे. तिला कसला शिक्का?"

"बाहेरून आली तरी आपला शिक्का लागतो, सर. कायदाच हाय. नायतर बंदरातून सुटत नाय माल."

"शिक्क्याचं मी बघतो," मी म्हणालो.

सुनंदा आतून म्हणाली, "अहो, त्याचा रोजचा धंदा आहे. तो सांगतोय तर ऐका ना."

"अगं, त्याला वीज शिकवली कुणी? मी!"

यावर ती काही बोलली नाही. आता पस्तीस वर्षांच्या संसारात ती काही बोलली नाही की मी समजतो, तिला पटलं. माझं नेहमी इथेच चुकतं.

वसंताला हो कळवलं. दहा बंडलं बोटीत बसली. मी रोज समुद्रावर फिरायला जायचो आणि क्षितिजाकडे बघून मनात म्हणायचो, येतेय, येतेय!

दिवाळी दोन आठवड्यांवर आली तेव्हा उरणहून म्हात्रेशेठचा फोन आला. म्हात्रेशेठ म्हणजे बंदरातून माल सोडवून देणारे आमचे एजंट. एके काळी त्यांच्या घरची मिठागरं होती, आता ट्रक आहेत. माणूस लाख मोलाचा, फक्त आवाज असा की फोन नसता तरी उरणहून ऐकू आला असता. पण त्याचा उपयोग काय? आमच्या वाडीत रेंज मिळते ती फक्त विहिरीच्या काठावर, तीही एका पायावर उभं राहिलं तर!

"हॅलो सर! तुमचा माल आयलाय! पन सुटायचा नाय!"

"का हो?"

"सेफ्टीचा दाखला नाय! ...रीचा दाखला लागंल! आनि शिक्का पायजे, शिक्का! नायतर..."

आणि गेली रेंज. मी पाय बदलला, पुन्हा बदलला, विहिरीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. पण फोन लागेना.

आता तुम्ही सांगा, त्या '...रीचा'च्या आधी काय असेल? फॅक्टरीचा! ज्या कारखान्यात वायर बनते त्या कारखान्याने आपल्याकडचा परवाना घ्यायचा असतो. आपली माणसं परदेशी जाऊन तो कारखाना बघतात, तिथली वायर प्रयोगशाळेत तपासतात, ताणतात, जाळतात, आणि मग त्या कारखान्याला प्रत्येक वायरवर आयएसआयचा शिक्का छापायची परवानगी मिळते. आज मला हे स्तोत्रासारखं पाठ आहे. तेव्हा मला काय वाटलं? 'जबाबदारीचा'! जबाबदारीचा दाखला. म्हणजे कुणीतरी जबाबदार माणसाने लिहून द्यायचं की वायर चांगली आहे. आणि वर शिक्का.

आता गावात माझ्याहून जबाबदार माणूस कोण?

मी अंगणात खुर्ची टाकली, फुलस्केप कागद घेतला, आणि तीस वर्षांचं पुण्य पणाला लावून दाखला लिहिला. मला तो अजून तोंडपाठ आहे. ऐका.

'दाखला देण्यात येतो की, सदर वायर (बंडलं दहा) ही माझे मावसबंधू यांनी पाठविलेली असून ती चांगल्या कारखान्यातील आहे. तिची प्रगती समाधानकारक आहे. माझ्या माहितीप्रमाणे तिची वर्तणूक चांगली असून तिने आजपर्यंत कोणासही शॉक दिलेला नाही. परदेश सोडण्याचे कारण: आमचे घरी राहण्यास येणे. तिच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

हसू नका! शुभेच्छा मी सगळ्यांनाच द्यायचो.

खाली माझी सही, माझा शिक्का. मग वाटलं, सरकारी काम आहे, आणखी एक शिक्का बरा. ग्रामपंचायतीत गेलो. सरपंच माझाच विद्यार्थी. सरांनी कागद पुढे केला की वाचायचा नसतो, हे त्याला पाचवीपासून माहीत! त्याने सही केली, गोल शिक्का मारला, वर विचारलं, "कुणाच्या मुलीला देताय, सर?"

"वायरला," मी म्हणालो.

"अच्छा अच्छा," तो म्हणाला. त्याला वाटलं आडनाव असेल.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघालो. म्हसळा, माणगाव, पेण, पुढे उरण. पिशवीत दाखला, डबा, आणि लागला तर असावा म्हणून शिक्का आणि शाईपॅड. सुनंदाने निघताना पिशवीत डोकावून बघितलं आणि पुन्हा काही बोलली नाही.

गोदामात म्हात्रेशेठ वाट बघत होते. दहाही बंडलं एका फळीवर मांडलेली. माल तपासायला कस्टमच्या मॅडम यायच्या होत्या. मी ऐटीत कागद काढला आणि म्हात्रेशेठच्या हातात दिला. त्यांनी वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"सर, ह्यो कोनाचा दाखला?"

"वायरचा."

"आयला!" म्हात्रेशेठ मटकन खोक्यावर बसले. "मी फॅक्टरीचा दाखला बोललो हुतो! आनि ह्यो कागदावर शिक्का मारून काय फायदा? शिक्का वायरीवर पायजे, सर, वायरीवर! कागदावर नाय! तुमी हितंच थांबा, मी मॅडमना बगून येतो."

आणि ते गेले.

'फॅक्टरीचा' हा शब्द माझ्या एका कानाने आत आला आणि दुसऱ्याने बाहेर गेला. मेंदूत राहिलं एवढंच की शिक्का वायरीवर पायजे, कागदावर नाही. बरोबर आहे की! मी मनात म्हटलं, कागद हरवू शकतो, वायरवरचा शिक्का कसा हरवेल? माणसं विचार करून नियम करतात. आणि आपण पाहा किती दूरदृष्टीने शाईपॅड आणलंय!

काय केलं असेल मी?

अहो, पॅड उघडलं आणि सुरुवात केली! बंडलाच्या वरच्या वेढ्यांवर दर वीतभर अंतरावर एक ठप्पा. 'मुख्याध्यापक (निवृत्त)', 'मुख्याध्यापक (निवृत्त)'. गोल वायर, सपाट शिक्का, गुळगुळीत प्लास्टिक. अक्षरं घसरायला लागली. मी फुंकर मारून वाळवत होतो. तिसरं बंडल होईस्तोवर माझे हात मनगटापर्यंत जांभळे, नाकाला खाज आली म्हणून नाकही जांभळं. आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. किती दिवसांनी हातात काम आलं होतं! सुनंदाच्या खोल्यांसाठी आपणही काहीतरी करतोय, असं वाटून ऊर भरून आला होता.

"काय चाललंय इथे?"

वळून बघतो तर मॅडम. तिशीच्या, साध्या सुती साडीतल्या. मागे म्हात्रेशेठ, तोंड उघडं.

"शिक्का मारतोय," मी म्हणालो.

"कसला शिक्का?"

"माझा."

मॅडमनी म्हात्रेशेठकडे बघितलं. म्हात्रेशेठ ताबडतोब म्हणाले, "मॅडम, मी यांना वलखत नाय."

मग मॅडमनी वायर हातात घेतली आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं, "मु-ख्या-ध्या-प-क." मग दाखला मागितला. उभ्या उभ्या वाचला. 'वर्तणूक चांगली' पर्यंत त्यांचा चेहरा सरकारी होता. 'शॉक दिलेला नाही' ला ओठ हलले. 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' ला त्या पाठमोऱ्या होऊन खिडकीबाहेर बघायला लागल्या. बराच वेळ त्यांना बाहेर काहीतरी दिसत होतं.

वळल्या तेव्हा त्यांनी अगदी हळू विचारलं, "सर, ही वायर कधी विजेला जोडलीय?"

"नाही हो, बंडल सोडलेलं नाही अजून."

"मग ती शॉक देणार कशी?"

मी शाईपॅड मिटलं.

"ती किती भार सोसते, गरम झाली तर काय होतं, पेट घेतला तर आग पुढे सरकते की विझते, यातलं काय तपासलंत तुम्ही?"

"मॅडम," मी म्हणालो, "आम्ही दाखला देतो. तपासत नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मलाच ऐकू आलं. तीस वर्षं मी हे करत होतो आणि एकदाही मला ते असं ऐकू आलं नव्हतं.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पाचवीच्या मुलाला समजवावं तसं ते फॅक्टरीचं स्तोत्र समजावून सांगितलं. म्हणाल्या, "सर, दुसऱ्याच्या मालावर असा शिक्का मारणं हा गुन्हा धरतात. पण आयएसआयच्या जागी कुणी 'मुख्याध्यापक निवृत्त' छापल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. कुणी फसेल असं वाटत नाही. पुसून टाका. माल परत पाठवावा लागेल."

"दिवाळीच्या आत काहीच नाही होणार?"

"नाही, सर."

तीन बंडलांवरची जांभळी शाई पुसायला मला दुपार गेली. म्हात्रेशेठनी कुठून तरी स्पिरिटची बाटली आणली आणि शेजारी बसून स्वतःही पुसायला लागले. म्हणाले, "तुमी शाई पन चांगली वापरता वं, सर. निगतच नाय." दाखला मॅडमनी ठेवून घेतला. म्हात्रेशेठ शपथेवर सांगतात की तो अजून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे.

परतीच्या एसटीत मला कॅलेंडरवरची ती लाल रेघ दिसत होती. चार वर्षं सुनंदाने खोल्या उभ्या केल्या, आणि मी काय केलं? चौदा माणसांना फोन करून सांगायचं, येऊ नका? की त्या जुन्या वायरीवरच त्यांना झोपवायचं? आणि सुनंदाला काय सांगायचं? मला तिच्यासमोर जायची हिंमत होईना. बोर्लीला उतरून घरापर्यंत चालत गेलो, उगाच, वेळ काढायला.

घरी सगळं सांगितलं. जांभळ्या नाकासकट. तिने ऐकून घेतलं आणि फक्त म्हणाली, "चला मागे."

चौथ्या खोलीचं दार उघडलं. कॉटवर चादर होती, ती तिने बाजूला केली. खाली वायरची बंडलं! म्हसळ्याची! आयएसआयचा शिक्का छापलेली!

"ही कधी आली?"

"तुम्ही वसंताला हो म्हणालात ना, त्याच आठवड्यात. नझीरला म्हटलं, आणून ठेव."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

सांगितलं ना, ती बोलत नाही तेव्हा माझं चुकतं. माझ्याशी बोलत नव्हती, नझीरशी बोलत होती! मला राग यायला हवा होता. पण मी तिथे कॉटवर बसलो आणि मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते पुसलं, तर गालही जांभळे झाले.

सकाळी नझीर दोन माणसं घेऊन हजर. कामाला लागण्याआधी म्हणाला, "सर, तो फॉरेनचा तुकडा हाय ना? आणा." आम्ही अंगणात जमलो. त्याने म्हसळ्याच्या वायरचा एक तुकडा सांडशीत धरून मेणबत्तीवर नेला. काळा झाला, धुमसला, मेणबत्ती बाजूला केली तर विझला. मग वसंताचा लालचुटुक तुकडा धरला. त्याने पेट घेतला तो मेणबत्ती काढली तरी जळतच राहिला, ज्योत सांडशीकडे चढत गेली, आणि पेटते थेंब खाली पोफळीच्या सुक्या झावळीवर पडून झावळी जळायला लागली. सुनंदाने तांब्याभर पाणी ओतलं. नझीरने उरलेली तार चाकूने खरवडली. वरून तांबं, आतून पांढरं ॲल्युमिनियम!

सुनंदा त्या खोल्यांच्या दारांकडे बघत होती. मी पण बघत होतो. पाहुण्यांत एक दोन वर्षांचं बाळ येणार होतं, त्याच्यासाठी तिने नव्या कापडाचं दुपटं शिवलं होतं.

"आणि मी हिला वर्तणूक चांगली लिहून दिली," मी म्हणालो.

नझीर हसायला लागला. "सर, एक सांगू? रागावू नका. माझ्या दाखल्यावर पण तुम्ही तेच लिहिलंत. त्याच आठवड्यात मी फ्यूजमध्ये खिळा घालून अख्ख्या शाळेची वीज घालवली होती."

"तो तू होतास?"

"मीच. पुढे त्याच दाखल्यावर मला वायरमनच्या कोर्सला घेतला."

म्हणजे बघा! माझा एक न तपासलेला दाखला बरोबर निघाला, तो हा. नशीबच म्हणायचं. पण चौदा माणसांना नशिबावर झोपवता येत नाही, एवढं मला त्या जळक्या झावळीपाशी कळलं.

मग काम सुरू झालं. मला काम दिलं होतं स्टूल धरायचं. विज्ञानाचा शिक्षक, स्टूल धरून! आठ दिवस धरलं. भिंतीतून जुनी वायर ओढून निघायची ती काळी, ठिसूळ, जागोजाग पट्ट्या गुंडाळलेली. नवी आत जायची. नझीर रोज जाताना प्रत्येक जोड यंत्र लावून तपासायचा, आणि मी मागे उभा राहून बघायचो. तपासणं म्हणजे काय असतं ते या वयात विद्यार्थ्याकडून शिकलो. वसुबारसेला दुपारी त्याने मेन स्विच चालू केला. चारही खोल्यांत एकदम दिवे लागले. सुनंदा सरळ न्हाणीघरात गेली. मी म्हणालो, "अगं, थांब!" ती थांबली नाही. तिने नळाला हात लावला, नळ सोडला, आणि ओंजळीत पाणी घेऊन माझ्या अंगावर उडवलं.

पाहुणे आले. चौदा होते ते पंधरा आले, कुणाची तरी आत्या बरोबर होती. शेवटच्या दिवशी त्यांनी पुढच्या दिवाळीचीही जागा सांगून ठेवली. कॅलेंडर अजून छापलेलंही नाही आणि आमच्या सुनंदाने वहीत लाल रेघ ओढून ठेवलीय.

आता शेवटचं ऐका, आणि मग हवा तर आणखी एक कप घ्या.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सुनंदा नझीरला म्हणाली, "बाबा रे, वायरिंग तपासल्याचं तुझ्या हाताने लिहून दे. पाहुण्यांना दिसेल असं लावते." नझीर ओटीवर बसला, फुलस्केप कागद घेतला, आणि शप्पथ सांगतो, मीच शिकवलेल्या, माझ्याच वळणाच्या अक्षरात लिहायला लागला. लिहून झाल्यावर म्हणाला, "सर, शिक्का द्या." मी दिला. त्याने मारला. सुनंदाने तो कागद चौकटीत घालून मेन स्विचच्या वर टांगलाय. जाताना वाचून जा. लिहिलंय:

'दाखला देण्यात येतो की, या घराचे संपूर्ण वायरिंग मी स्वतः तपासले असून ते सुरक्षित आहे.

घरमालकांची वर्तणूक चांगली आहे. तपासलेली नाही.'